‘ते आलं’ आणि ‘ते आले’ : परावलंबी व्यक्ती, निवासी संस्था व मराठीचे नपुंसकलिंग

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी ह्या भागांतील बोलीत पस्तिशीच्या एखाद्या पुरुषाविषयी ‘ते आलं’, ‘ते जेवलं’, ‘त्येला काई कळत न्हाई’ असे बोलले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या पुरुषाच्या प्रकृतीविषयी वेगळे काही विचारावे लागत नाही. क्रियापदाच्या अंत्य स्वरानेच ते सांगून टाकलेले असते. हा पुरुष जन्मापासून चालू-बोलू शकत नसेल, किंवा त्याची बुद्धी वयाबरोबर वाढली नसेल, किंवा ही दोन्ही व्यंगे एकत्र असतील; त्याचे सर्व दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते एवढे मात्र निश्चित. हा प्रयोग केवळ हिंगोलीचा आहे असे नव्हे. तथापि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याची बोली एकीकडे मराठवाडी आणि दुसरीकडे वऱ्हाडी अशा दोन प्रवाहांच्या सीमेवर उभी असल्यामुळे, आणि तेथे ‘लेकरू’ हा शब्द नित्याच्या व्यवहारात विशेष सजीव असल्यामुळे, तो तेथे अधिक ठळकपणे कानी येतो.

आई आपल्या कर्त्या मुलालाही ‘लेकरू’ म्हणते, ही गोष्ट खरी. पण तिच्या बोलण्यात हे नपुंसकलिंग फार काळ टिकत नाही. ‘माझं लेकरू लई राबतं’ असे म्हणून ती पुढच्याच वाक्यात ‘त्यो औंदा पुण्याला गेला’ असे म्हणते. वात्सल्याचा उद्गार संपला की व्याकरण पुरुषाला त्याचे लिंग परत करते. परावलंबी व्यक्तीच्या बाबतीत ही परतफेड होत नाही. कथन कितीही लांबले, आणि बोलणारी व्यक्ती आई नसून शेजारी, शिक्षक किंवा तलाठी असली, तरी ‘ते’ हे ‘ते’च राहते. भेद शब्दात नाही, त्या शब्दाच्या चिकाटीत आहे.

नपुंसकलिंगाचा हा वापर तिरस्कारदर्शक आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते शास्त्रशुद्ध होणार नाही. ‘येडं’, ‘मुकं’, ‘पांगळं’ ह्यांच्या पंक्तीला ‘पोरगं’ आणि ‘म्हातारं’ हेही शब्द बसतात. ‘बाईमाणूस’ आणि ‘गडीमाणूस’ ह्यांनाही अनेक बोलींत नपुंसकलिंगी विशेषणे लागतात, आणि ‘चांगलं माणूस’ ह्यात अवज्ञेचा लेश नाही. जे अजून कर्ते झालेले नाही, जे आता कर्ते राहिलेले नाही आणि जे कधी कर्ते होणार नाही, अशा तिन्ही प्रकारच्या माणसांना बोली एका लिंगात आणते. हे परावलंबनाचे लिंग होय, आणि परावलंबनाकडे बोली ज्या दृष्टीने पाहते तिच्यात कणव व अवहेलना ह्या दोन्ही गोष्टी एकाच स्वरात मिसळलेल्या असतात. कोणती किती, हे प्रसंग ठरवतो.

बाळाचे व म्हाताऱ्याचे परावलंबन मात्र काळाने बांधलेले असते, आणि त्याला घरात रूढ अशी जागा असते. ज्याचे परावलंबन आयुष्यभराचे आहे त्याची अडचण तेथून सुरू होते. अलीकडील शास्त्रीय लेखनात ‘गुंतागुंतीच्या गरजा’ असा शब्दप्रयोग रूढ होत आहे: शरीराचे व्यंग, बुद्धीची मर्यादा, आकडी, गिळण्याची अडचण, वाचेचा अभाव ह्यांपैकी अनेक गोष्टी एकाच देहात एकमेकींत गुंतलेल्या असणे. हा शब्दप्रयोग भाषांतरातून आलेला आहे, हे उघड आहे. त्याच स्थितीला मराठी घरांनी दिलेले नाव मात्र फार जुने आणि अधिक अचूक आहे: ‘त्याचं सगळं करावं लागतं.’ ह्या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. ‘सगळं’ ह्या एका शब्दात न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे, मळमूत्र काढणे, रात्री जागणे ही सर्व कामे येतात, आणि ‘करावं लागतं’ ह्या विध्यर्थी रचनेत कर्ता पूर्णपणे लुप्त होतो. करावे लागते, कोणाला, ते सांगत नाहीत. सांगण्याची गरजही नसते, कारण ती बहुधा आई असते, आणि आईनंतर बहीण किंवा भावजय. ऊसतोडीला अथवा शहरातील बांधकामावर निघालेल्या कुटुंबात हा लुप्त कर्ता एकाएकी प्रकट होतो: आता करणार कोण, हा प्रश्न त्या दिवशी शब्दांत विचारावा लागतो. निवासी संस्थेचा विचार घरात प्रथम शिरतो तो ह्याच वेळी.

येथे आणखी एका क्रियापदाची नोंद घेतली पाहिजे. मराठवाड्यात ‘पोराला शाळेत टाकलं’ असे सहज म्हणतात. त्याचा अर्थ शाळेत घातले, एवढाच. त्याच न्यायाने ‘लेकरू संस्थेत टाकलं’ असे एखादी आई म्हणते, तेव्हा प्रमाण मराठीत वाढलेल्या अधिकाऱ्याच्या कानांना तो त्यागाचा कबुलीजबाब वाटतो. ‘टाकलेली बायको’ हा प्रयोग त्याच्या मनात आधीच बसलेला असतो. एकाच क्रियापदाची ही दोन आयुष्ये ठाऊक नसतील, तर चौकशीच्या कागदावर ‘पालकांनी त्याग केला’ अशी नोंद सहज होऊ शकते, आणि त्या नोंदीचे परिणाम भाषिक राहत नाहीत.

संस्थांची भाषा तपासू गेले असता पहिला शब्द समोर येतो तो ‘मतिमंद’. हा मुळात नम्रतेचा शब्द आहे. ‘मंदमती’, ‘मूढ’, ‘मतिमंद’ ही विशेषणे जुन्या कवींनी ग्रंथारंभी स्वतःला लावली. रघुवंशाच्या आरंभी कालिदासानेही स्वतःला मंद म्हटले आहे. थोरांनी आपण होऊन पांघरलेला हा शब्द विसाव्या शतकात संस्थांच्या पाट्यांवर चढला आणि ज्यांना स्वतःविषयी काहीच म्हणता येत नाही त्यांच्या अंगावर कायमचा बसला. मुंबईत मानखुर्द येथे चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली अशा मुलांसाठी वेगळे गृह सुरू केले, तेव्हापासून ‘गृह’ हा शब्दही ह्या व्यवहारात पक्का झाला. पुढे ‘अपंग’ गेले व ‘दिव्यांग’ आले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचविला आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने ह्याच नावाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. स्वतंत्र विभाग झाला ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. शब्दाविषयी मात्र एवढे म्हणता येईल की, संज्ञा उंचावली तरी सर्वनाम व क्रियापद जेथे होते तेथेच राहिले. ‘दिव्यांग लेकरू आलं’ असेच लोक म्हणतात.

ह्या शब्दबदलापेक्षा गंभीर अशी गोष्ट म्हणजे ‘बालगृह’ ह्या समासातील पहिले पद. बालन्याय अधिनियम, २०१५ अन्वये अठरा वर्षे पुरी झाली की व्यक्ती बालक राहत नाही. पश्चात् काळजीची तरतूद आहे ती सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत. अनाथ परंतु धडधाकट मुलाच्या दृष्टीने ही कल्पना समजण्यासारखी आहे. परंतु ज्याचे ‘सगळं करावं लागतं’ त्याच्या अठराव्या वाढदिवशी नेमके काय बदलते? बोलीच्या लेखी तो मरेपर्यंत मूल, कायद्याच्या लेखी तो रातोरात प्रौढ. एका भाषेत प्रौढत्व कधीच येत नाही, दुसरीत ते कोणाचीही वाट पाहत नाही. आणि प्रत्यक्ष माणूस ह्या दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो. कायद्यांत ह्या फटीची जाणीव अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमण्याची व्यवस्था जिल्हा पातळीवर केली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाने विशेष तीव्र आधाराची गरज ही कल्पना कायद्यात आणली, आणि कोणालाही विशिष्ट निवासव्यवस्थेतच राहण्याची सक्ती असू नये असेही म्हटले. परंतु त्या प्रौढाला राहण्यासाठी जी वास्तू उपलब्ध असते, तिच्या पाटीवर पुष्कळदा ‘बालगृह’ हाच शब्द असतो. ‘पालक’ हा शब्दही लहानपणाचाच.

मराठी वाङ्मयाने ह्या माणसाला प्रौढ म्हणून कधी पाहिले काय? आधुनिक काळातील दोन प्रसिद्ध उदाहरणे घेतली तर उत्तर निराशाजनक येते. जयवंत दळवी ह्यांच्या ‘नातीगोती’ ह्या नाटकातील मुलाचे नाव बच्चू. १९९१ च्या ‘चौकट राजा’ ह्या चित्रपटातील, लहानपणीच्या अपघाताने बुद्धी खुंटलेल्या तरुणाचे नाव नंदू. दोन्ही कृती प्रामाणिक आहेत. मध्यमवर्गीय प्रेक्षकाला त्यांनी जे पाहावयास लावले ते त्याने तोवर टाळले होते, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण वाढलेल्या देहाला पाळण्यातील नाव देऊन दोहोंनीही बोलीचेच व्याकरण स्वीकारले आहे. ‘नातीगोती’चा सगळा भार आईबापांच्या संसारावर आहे. बच्चू हा त्या संसारावर आलेला प्रसंग आहे, त्या संसारातील एक माणूस म्हणून तो क्वचितच उभा राहतो. नाटककाराने त्याच्यावर अन्याय केला असे नव्हे. त्याच्याविषयी बोलण्यासाठी जी भाषा हाती होती, तिच्यात दुसरे काही करण्याची सोय नव्हती.

ही सोय मराठीत कधीच नव्हती काय, हे पाहण्यासाठी सात शतकांहून अधिक मागे जावे लागते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रचलेले ‘श्रीगोविंदप्रभुचरित्र’ हे मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथांपैकी एक. विष्णु भिकाजी कोलते ह्यांनी त्याचे संपादन केले आणि अ‍ॅन फेल्डहाउस ह्यांनी १९८४ साली ते इंग्रजीत नेले. महानुभाव पंथाच्या श्रद्धेनुसार गोविंदप्रभू हे परमेश्वराचे अवतार आहेत, आणि ह्या श्रद्धेच्या जागी वैद्यकीय निदान ठेवण्याचा उद्योग अडाणीपणाचा ठरेल. येथे प्रश्न फक्त ग्रंथाच्या भाषेचा आहे. बालपणी आईबाप गेल्यावर नातलगांनी ऋद्धिपुरास आणून वाढविलेला हा पुरुष चरित्रात कसा दिसतो? तो स्वतःशी बोलतो, कोणाच्याही घरात शिरून भांड्यातले खातो, निर्जीव वस्तूंशी खेळतो, मध्येच हसतो, मध्येच रागावतो. गावचे लोक त्याला वेडा, पिसा म्हणतात. त्याचे बोलणे तुटक असते. एकच तिखट उद्गार तो पुन्हा पुन्हा काढतो. करावे म्हणतो आणि लगेच करू नये म्हणतो. म्हाइंभटांनी हे बोलणे सुधारलेले नाही. त्याला वाक्यांची शिस्त लावलेली नाही, की त्यातून उपदेश पिळून काढलेला नाही. प्रचलित वळणाहून वेगळी वाचा इतक्या निष्ठेने उतरवून घेतल्याचे ह्याहून जुने उदाहरण मराठीत दाखविता येणे कठीण आहे.

आणि ह्या पुरुषासाठी ग्रंथ जी क्रियापदे योजतो ती आदरार्थी बहुवचनाची आहेत. त्याचे येणे-जाणे म्हणजे ‘बिजे’ करणे, जेवण म्हणजे ‘आरोगणा’, निजणे म्हणजे ‘पहुड’, अंग चोळणे म्हणजे ‘मर्दना’. आजच्या संस्थेतील दिनक्रमाच्या तक्त्यात जी कामे असतात तीच ही कामे: न्हाणे, जेवणे, निजणे. त्या प्रत्येकाला एक स्वतंत्र, प्रतिष्ठित शब्द मिळालेला आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांची शिष्यमंडळी ऋद्धिपुरास ह्या पुरुषाजवळ येऊन राहिली, महदंबा त्यांतलीच. चरित्रातील कितीतरी लीळा म्हणजे वस्तुतः सेवेचा दैनिक वृत्तांत होय: काय रांधले, त्यांनी काय घेतले, काय टाकले, कशाने रुसले. ज्याचे ‘सगळे करावे लागते’ त्याच्याविषयीच्या ह्या गद्यात करणारे लुप्त नाहीत, त्यांची नावे नोंदलेली आहेत. आणि ज्याचे करावयाचे तो नपुंसकलिंगात नाही.

आक्षेप सरळ आहे. हा आदर त्या माणसाच्या माणूसपणाला नसून ईश्वरत्वाला आहे. श्रद्धा काढून घेतली तर ‘पिसे’ एवढेच उरेल. आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. ‘दिव्यांग’ ह्या शब्दाची अडचणही हीच आहे: माणसाला मान द्यावयाचा तर त्याला आधी दिव्य करावे लागते, ही सवय त्यात पुन्हा डोकावते. फरक इतकाच की, म्हाइंभटांच्या काळी दिव्यत्वाबरोबर रोजची सेवा आणि आदरार्थी क्रियापद ही दोन्ही आली. आता नुसते विशेषण आले. मराठीची व्याकरणशक्ती मात्र चरित्राने निर्विवाद सिद्ध केली आहे. अशा माणसाविषयी आदरार्थी बहुवचनात एक सबंध ग्रंथ लिहिता येतो, आणि तो वाचताना कोठेही अवघडल्यासारखे होत नाही.

ज्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धिपूर आहे, त्याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर ह्यांनी चालविलेले बालगृह आहे. हिंगोलीहून वाशीम-अकोल्याच्या वाटेने तेथे पोहोचता येते. तथापि येथे त्याचा विचार करावयाचा तो दुसऱ्याच कारणासाठी. बसस्थानकांवर, रेल्वेच्या फलाटांवर, उकिरड्यांवर सापडलेली मूकबधिर, अंध, मतिमंद मुले तेथे वाढली. वृत्तपत्रे त्यांना ‘बेवारस’ म्हणत. हा शब्द एरवी सामानाला लावतात. संस्थापकाने केलेली भाषिक कृती लहान परंतु निर्णायक होती. मराठी नाव तीन घरांचे असते: स्वतःचे, बापाचे, कुळाचे. अनाथ मुलाचे मधले घर रिकामे राहते, आणि शासकीय अर्ज रिकामे घर सहन करीत नाही. तेथील १२३ मुलांच्या कागदपत्रांवर मधल्या व शेवटच्या घरात शंकरबाबांनी स्वतःचे नाव घातले. धोब्याच्या कुळात जन्मलेल्या आणि गाडगेबाबांचा वारसा सांगणाऱ्या माणसाला हे सुचले, तज्ज्ञांना सुचले नाही, ह्यात आश्चर्य नाही. ह्याच घरातील एक अंध मुलगी पुढे २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि निकालाच्या यादीत तिचे नाव तिन्ही घरे भरून छापले गेले.

परंतु वझ्झरचे महत्त्व ह्या यशात शोधणे चुकीचे होईल. परीक्षा देऊ न शकणारे, कधीच देऊ न शकणारे असे तेथे पुष्कळ आहेत, आणि शंकरबाबांनी वर्षानुवर्षे शासनाकडे जी मागणी केली ती त्यांच्यासाठी आहे: अठराव्या वर्षी ह्यांना बाहेर काढू नये, जेथे ती वाढली तेथेच त्यांचे आजन्म पुनर्वसन व्हावे, आणि तसा कायदा असावा. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. नाव देणारा बाप एकच असणे ही ह्या व्यवस्थेची उघड मर्यादा होय. नाव कागदावर राहील. पण त्या नावाच्या मागे करणारा कोण, हा लुप्त कर्त्याचा प्रश्न तेथेही पुन्हा येऊन उभा राहतो. ‘वझ्झरचा नमुना’ असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी त्या नमुन्यातील हा भाग बहुधा उचललेला नाही.

भाषेच्या अभ्यासकाने ह्या प्रश्नात लक्ष घालावयाचे कारण केवळ सौजन्याचे नाही. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील शहापूर परिसरातील एका संस्थेतील मुलांच्या हालांच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, जनहित याचिका दाखल करून घेतली आणि राज्यातील अशा गृहांची पाहणी करविली. त्यानंतर लवकरच कळंबोली येथील एका गृहातील अत्याचार उजेडात आले आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने त्या खटल्यात शिक्षा सुनावल्या. अशा गृहांत राहणाऱ्यांपैकी अनेकांना वाचा नसते, किंवा असली तरी ती सरळ वाक्यांची नसते. तेथे काय घडते ह्याचा एरवी उपलब्ध पुरावा म्हणजे कोणीतरी त्यांच्याविषयी लिहिलेली वाक्ये: प्रवेशाचा अर्ज, हजेरीपट, वैद्यकीय नोंद, काळजीवाहकाचा शेरा. काळजीवाहक हे सरकारी पदनाम. मुले त्या बाईला ‘मावशी’ म्हणतात, आणि कोणत्या मुलाच्या कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे ज्ञान बहुधा तिच्याजवळच असते. म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी जे टिपले ते हेच ज्ञान होते. मावशीचे ज्ञान कोणत्याही रकान्यात उतरत नाही. रकान्यात ‘प्रकृती समाधानकारक’ असे उतरते.

ह्या लेखी नोंदींत ‘ते’ ह्या सर्वनामाचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या लेखनपद्धतीत ‘तें मूल आलें’ आणि ‘ते गृहस्थ आले’ ही दोन रूपे अनुस्वाराने वेगळी राहत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनमान्य झाले, अनुच्चारित अनुस्वार गळाले आणि प्रमाण लेखनात दोन्ही रूपे ‘ते आले’ अशी एक झाली. बोली ‘आलं’ आणि ‘आले’ हा भेद आजही कटाक्षाने पाळते. प्रमाण लिपीने तो पुसला. परिणामी एखाद्या संस्थेच्या दप्तरात ‘ते आज प्रथमच स्वतःच्या हाताने जेवले’ असे वाक्य आढळले, तर त्यातील ‘ते’ हे मूल आहे की मान्य पुरुष आहे, हे व्याकरणावरून ठरविता येत नाही. शुद्धलेखनाच्या समितीच्या मनातही नसलेली ही समता होय. अर्थात् ती भूतकाळापुरतीच टिकते. पुढच्याच ओळीत काळजीवाहकाला उद्याच्या कामाविषयी काही लिहावे लागते, आणि तेथे ‘ते जेवेल’ की ‘ते जेवतील’ ह्यांतून एकाची निवड तिला करावीच लागते.